एका पडद्यासमोर सारे घर

चित्रपटातील किंवा मालिकेतील एखादा अर्वाच्य शब्द अकस्मात कानी पडला की बैठकीत जो अवघडलेपणा पसरतो, तो बहुतेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. आजी खिडकीकडे पाहू लागतात, सूनबाई पाणी आणण्याच्या निमित्ताने उठतात, वडील रिमोट शोधतात आणि तो हाती लागेपर्यंत संवाद पुढे निघून गेलेला असतो. मुले मात्र काहीच न ऐकल्यासारखी बसून राहतात. आणि त्यांनी नेमके तेवढेच ऐकलेले असते. असा शब्द कानी पडण्यापूर्वीच गाळता येईल काय, हा प्रश्न अनेक घरांत अनेक वर्षांपासून विचारला जात आहे. काही कल्पक गृहस्थांनी त्यासाठी घरच्या घरी यंत्रेही तयार केली. त्या यंत्रांचा जमाखर्च मांडून पाहणे आजच्या काळात उपयुक्त ठरेल.

या दिशेने झालेला सर्वांत गाजलेला प्रयत्न अमेरिकेतील आहे. त्यामागची युक्ती जाणून घेण्याजोगी आहे, कारण तिचा मूळ हेतू अगदी वेगळा होता. ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठी तेथे १९८० पासून कार्यक्रमांतील संवाद लेखी स्वरूपात चित्रासोबत पाठवले जाऊ लागले. दूरचित्रवाणीच्या चित्रातील ज्या रेषा पडद्यावर दिसत नाहीत, त्यांपैकी एकविसाव्या रेषेत ही अक्षरे सांकेतिक रूपात असत. १९९० मध्ये तेथे कायदा झाला आणि जुलै १९९३ पासून तेरा इंच व त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या संचात ही अक्षरे उलगडून दाखवण्याची व्यवस्था बंधनकारक झाली. कर्णबधिरांसाठी झालेली ही सोय पुढे ऐकू येणाऱ्यांच्या एका वेगळ्याच गरजेला उपयोगी पडली.

संवाद लेखी स्वरूपात मिळतो, म्हणजे तो यंत्राला वाचता येतो. आणि वाचता येतो, म्हणजे यादीशी ताडून पाहता येतो. नेमके याच तत्त्वावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘टीव्ही गार्डियन’ नावाची एक छोटी पेटी अमेरिकेत बाजारात आली. ती संचाला जोडली की लपलेली अक्षरे सतत वाचत राही. यादीतील शब्द आढळला की त्या वाक्यापुरता आवाज बंद होई आणि पडद्याच्या तळाशी तेच वाक्य सौम्य शब्दांत उमटे. कथेचा धागा तुटत नसे आणि कानावर नको तो शब्दही पडत नसे. पेटीला चित्रपट कळत नव्हता. तिला फक्त यादी कळत होती. तिचे सामर्थ्य याच गोष्टीत होते आणि तिची मर्यादाही, हे पुढे दिसून येईल.

हीच युक्ती घरी करून पाहण्याइतकी सोपी झाली ती ‘आर्डुइनो’सारख्या स्वस्त, तळहाताएवढ्या नियंत्रक पट्ट्यांमुळे. २०११ मध्ये मॅट रिचर्डसन या अमेरिकन हौशी तंत्रज्ञाने अशी एक रचना जगासमोर मांडली. त्यांना शिव्यांचा नव्हे, तर काही प्रसिद्ध व्यक्तींच्या अखंड गुणगानाचा कंटाळा आला होता. त्यांच्या यंत्राने लपलेली अक्षरे वाचायची, त्या व्यक्तीचे नाव दिसताच रिमोटप्रमाणेच अवरक्त किरणांचा संकेत सोडायचा आणि तीस सेकंद आवाज बंद ठेवायचा, इतकीच ती करामत होती. यादीत नावांऐवजी अर्वाच्य शब्द घातले की तेच यंत्र घरातील बैठकीचे राखणदार होते. अक्षरे वाचणारा भाग, यादी ताडणारा भाग आणि आवाज बंद करणारा भाग, अशा तीन अवयवांनी असे कोणतेही गाळणयंत्र पूर्ण होते.

कायद्याने या उद्योगात एक रेषा आखून दिली आहे. अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यानुसार, हक्काने मिळवलेला चित्रपट घरी पाहताना त्यातील काही भाग वगळणे किंवा त्यावेळी आवाज बंद करणे याला मुभा मिळाली. मात्र बदललेली प्रत तयार करून ठेवण्यास मिळाली नाही. चित्रपटांच्या ‘स्वच्छ’ केलेल्या प्रती विकणाऱ्या युटा राज्यातील ‘क्लीनफ्लिक्स’ या संस्थेविरुद्ध २००६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. ‘विडएंजल’ या संस्थेने चित्रपटांच्या तबकड्यांवरील कुलूप उघडून त्यांतून गाळलेले चित्रण ग्राहकांना पुरवले, तेव्हा २०१९ मध्ये तिच्यावर सहा कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा निर्णय झाला. स्वतःच्या घरात कान झाकून घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसऱ्याच्या मालात फेरफार करून तो विकण्याचा नाही, हा व्यापारी कुटुंबांना सहज पटणारा न्याय त्यामागे आहे.

आता हे यंत्र नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या घरात आणून ठेवले तर काय होईल? पहिली अडचण लगेच समोर येते. भारतातील दूरचित्रवाणीची जुनी पद्धत अमेरिकेपेक्षा वेगळी होती. एकविसाव्या रेषेतील अक्षरांची ती व्यवस्था आपल्याकडे कधी घरोघरी रुजली नाही. इंग्रजी चित्रपटांच्या वाहिन्यांवर तळाशी जी वाक्ये दिसतात ती बहुधा चित्राचाच भाग असतात. डोळ्यांना ती वाचता येतात, पण साध्या यंत्राला ती केवळ चित्रातील पांढऱ्या रेघा वाटतात. जेथे वाचायलाच काही नाही, तेथे यादी ताडणार कशाशी?

दुसरी अडचण भाषेची आहे आणि ती अधिक मूलभूत आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर वसला आहे. नवापूरचे रेल्वेस्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत असून तेथील उद्घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. बाजारपेठेत अहिराणी, गुजराती आणि मराठी एकाच व्यवहारात मिसळतात. शहादा परिसरात गुजरी, तर सातपुड्याच्या पायथ्याशी भिली बोली कानावर पडतात. अशा घरातील दूरचित्रवाणीवर सायंकाळी मराठी मालिका, त्यानंतर हिंदी चित्रपट आणि रात्री नातवाच्या आवडीची इंग्रजी मालिका चालते. परदेशात तयार झालेली शब्दांची यादी या घरात निम्मीही कामाची नाही. हिंदी संवादांची इंग्रजी उपशीर्षके करणारे अनुवादक बहुधा शब्द सौम्य करतात. त्यामुळे लेखी वाक्य निर्मळ आणि उच्चारलेला शब्द मात्र ओंगळ, असा प्रकार घडतो, आणि लेखी वाक्यावर विसंबलेले यंत्र स्वस्थ बसून राहते.

तरीही घरी करता येण्याजोगी एक जुनी आणि साधी पद्धत आहे. ज्या चित्रपटाची फाईल हक्काने स्वतःजवळ आहे आणि जिच्यावर कुलूप नाही, तिच्यासाठी ती चालते. ‘एमप्लेअर’ आणि ‘कोडी’ यांसारख्या विनामूल्य आज्ञावलींना एक छोटी मजकुराची फाईल सोबत देता येते. तिच्या प्रत्येक ओळीत तीन आकडे असतात: आरंभीचा सेकंद, अखेरचा सेकंद आणि कृतीचा आकडा. कृतीच्या जागी ० लिहिले तर तेवढा भाग वगळला जातो. १ लिहिले तर चित्र चालू राहून आवाज बंद होतो. म्हणजे ‘७५४.२ ७५४.९ १’ अशी ओळ लिहिली की चित्रपटाच्या तेराव्या मिनिटाला पाऊण सेकंदाहूनही कमी काळ शांतता पसरते आणि पुढचा संवाद पूर्ववत ऐकू येतो. मूळ चित्रपटाला धक्का लागत नाही आणि नवी प्रतही तयार होत नाही. जमाखर्चाच्या वहीत नोंद करण्याची सवय असलेल्या कोणालाही ही खतावणी अवघड नाही.

ओटीटी मंचांवरील चित्रपट मात्र सांकेतिक कुलपात असतात आणि ते कुलूप मोडून प्रत काढण्याच्या वाटेला जाऊ नये. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीने अशा कुलपांना संरक्षण दिलेले आहे. तेथे बाहेरूनच आवाज बंद करणे एवढाच मार्ग उरतो. शाळेतील विज्ञान प्रदर्शनात भाग घेणारा विद्यार्थीही एक नियंत्रक पट्टी, एक अवरक्त दिवा आणि एक ठळक मोठे बटण यांपासून असे साधन जोडू शकतो. सोफ्याच्या हातावर बसवलेले ते बटण आजींनाही अंधारात सापडते. रिमोटवरील चाळीस बारीक कळांपैकी योग्य कळ शोधण्यापेक्षा ते बरे.

परंतु बटण दाबणारी व्यक्ती शब्द ऐकल्यावर दाबणार, म्हणजे उशीर झालेलाच असणार. यासाठी पुढे काय येणार आहे हे तिला आधी ठाऊक असले पाहिजे. सेकंदांची फाईल लिहिणाऱ्यालाही तेच करावे लागते: सर्वांना दाखवण्यापूर्वी त्याने तो चित्रपट स्वतः लक्षपूर्वक पाहिलेला असतो. या घरगुती साधनांची सर्वांत मोलाची बाजू हीच आहे. त्यांतील तारा आणि दिवे दुय्यम आहेत. घरातील एका जाणत्या माणसाने आपले अडीच तास मुलांसाठी खर्च केले, ही खरी गुंतवणूक आहे.

नावे बाजूलाही काही रकमा मांडल्या पाहिजेत. यादीवर चालणारे यंत्र शब्द ओळखते, अर्थ ओळखत नाही. १९९६ मध्ये ‘अमेरिका ऑनलाईन’ या कंपनीच्या संगणकांनी इंग्लंडमधील स्कनथॉर्प या गावच्या रहिवाशांची नोंदणी नाकारली होती. गावाच्या नावाच्या मधल्या अक्षरांतून एक अश्लील शब्द जुळून येत होता, एवढेच कारण. आपल्या भाषांत तर हा घोळ अधिक मोठा आहे. हिंदीत ‘साला’ हा पत्नीचा भाऊ आहे आणि शिवीही आहे. ‘ससुरा’ हाही तसाच. लग्नघरातील प्रेमळ संवाद आणि गुंडाची दमदाटी या दोन्ही ठिकाणी यंत्र सारखाच आवाज बंद करणार. उलट, एकही अपशब्द न वापरता सुनेला टोचून बोलणारी सासू, नोकराला तुच्छतेने हाक मारणारा मालक किंवा एखाद्या जातीची टिंगल करणारा विनोद यादीत कोठेच सापडत नाही. कित्येक मालिकांतील खरे विष अशा स्वच्छ शब्दांतच असते.

शब्दाचा अर्थ स्थळकाळावर अवलंबून असतो, याचे विलक्षण उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावे एका ओढ्याच्या दोन तीरांवर आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतील स्त्रिया ओढ्याकाठी जमतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्या देतात. ‘बोरीचा बार’ या नावाने ही प्रथा प्रसिद्ध आहे. त्या शब्दांनी कोणाची मानहानी होत नाही, कारण दिवस ठरलेला, जागा ठरलेली आणि मधे ओढा. शिमग्यातील बोंबही अशीच एका दिवसापुरती असे. समाजाने शब्दाला बांध घालून ठेवले होते. पडद्यावरील शब्दाला आज असा ओढा उरलेला नाही, ही खरी अडचण आहे.

पूर्वी पडद्यावरचा शब्द घरात येण्यापूर्वी तीन गाळण्यांतून जात असे. पहिली गाळणी १९५२ च्या चित्रपट कायद्याखालील प्रमाणन मंडळाची. १९८३ पासून ‘यू’, ‘यूए’, ‘ए’ आणि ‘एस’ असे चार वर्ग अस्तित्वात आले आणि २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन स्तर झाले. दुसरी गाळणी प्रसारकाची. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्यानंतर दीर्घकाळ एकच सरकारी वाहिनी होती. पुढे खासगी वाहिन्या आल्यावर १९९५ चा केबल कायदा आणि त्याखालील कार्यक्रमसंहिता आली, तसेच २०११ पासून प्रसारकांची स्वनियमन परिषद आली आणि प्रौढांसाठीचे कार्यक्रम रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत दाखवण्याचा दंडक झाला. तिसरी गाळणी म्हणजे एकाच संचासमोर बसलेले सारे घर. ती सर्वांत बारीक जाळीची होती, कारण आजोबांच्या देखत काय पाहायचे आणि काय नाही, हे कोणत्याही अधिनियमाशिवाय ठरत असे.

पहिल्या गाळणीवर किती भिस्त ठेवावी, याविषयी न्यायालयांनी वेळोवेळी विचार केला आहे. ‘बँडिट क्वीन’ या चित्रपटाच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, रस्त्यारस्त्यावर रोज ऐकू येणाऱ्या काही शिव्यांचा फार बाऊ करू नये. कोणी प्रौढ माणूस चित्रपट पाहून त्या वापरू लागेल असे नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रमाणन मंडळाच्या अध्यक्षांनी वर्ज्य शब्दांची यादीच प्रसृत केली, पण मंडळातूनच विरोध झाल्याने ती स्थगित ठेवावी लागली. २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’च्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने केवळ एक कात्री मान्य करून बाकीच्या नामंजूर केल्या. या निर्णयांचा सूर एकच आहे: शब्द प्रसंगातून तोडून मोजता येत नाही. हा सूर योग्यच आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या त्या विधानातील ‘प्रौढ’ हा शब्द पालकांनी पुन्हा एकदा वाचावा. प्रौढांचा प्रश्न न्यायालयाने सोडवला. नऊ वर्षांच्या नातीचा प्रश्न घरानेच सोडवायचा आहे.

ओटीटी मंच आले तेव्हा पहिल्या दोन गाळण्या बाजूला पडल्या. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी या मंचांना वयोगटाची श्रेणी दाखवणे, भाषा व हिंसा यांची पूर्वसूचना देणे आणि तेरा वर्षांवरील श्रेणींसाठी पालकांच्या हाती कुलूप देणे बंधनकारक केले. शब्द गाळण्याचे काम मात्र कोणी करत नाही. ‘कॉलेज रोमान्स’ या मालिकेचे प्रकरण येथे आठवते. मार्च २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातील भाषेवर कठोर ताशेरे ओढले. आसपासच्या लोकांना धक्का बसू नये म्हणून कानात इअरफोन लावूनच त्या मालिकेचे भाग पाहावे लागले, असे न्यायमूर्तींनी निकालपत्रात नमूद केले. पुढे मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फौजदारी कारवाई रद्द केली. असभ्य भाषा ही आपोआप कायद्याच्या अर्थाने अश्लील ठरत नाही, असे त्या निकालाचे तात्पर्य होते.

कायद्याची बाजू तेथे संपली. इअरफोनची गोष्ट मात्र प्रत्येक घरात सुरू आहे. आज बहुतेक कुटुंबांनी अर्वाच्य भाषेवर जो उपाय नकळत स्वीकारला आहे, तो इअरफोनचाच आहे. बैठकीत कानावर काही पडत नाही म्हणून घर निर्मळ वाटते. प्रत्यक्षात शब्द गाळला गेलेला नसतो. तो थेट एका कोवळ्या कानात पोहोचलेला असतो आणि शेजारी बसलेल्या आईलाही त्याचा पत्ता नसतो. यंत्राची पेटी निदान सर्वांसाठी आवाज बंद करत असे. इअरफोन फक्त वडीलधाऱ्यांसाठी आवाज बंद करतो. ज्यांना तो शब्द पेलता आला असता त्यांचे रक्षण होते, आणि ज्यांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज होती ते एकटे राहतात. तिसरी गाळणी फाटली ती येथे, आणि तिला ठिगळ लावणे कोणत्याही मंडळाच्या किंवा कंपनीच्या हाती नाही.

ही गाळणी पुन्हा विणण्याचे काही सामूहिक प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून एक रीत सुरू केली. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवले जातात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. यंत्र म्हणाल तर एक भोंगा. पण त्यामागे गावाची संमती आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यातील सौंदाळा गावाने याहून पुढचे पाऊल टाकले. आईबहिणींवरून दिल्या जाणाऱ्या शिव्यांमुळे स्त्रियांचा अवमान होतो, म्हणून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड करण्याचा ठराव ग्रामसभेने केला. पडद्यावरील शब्दांचा हिशेब मागण्याआधी या गावाने स्वतःच्या जिभेचा हिशेब मागितला.

सौंदाळ्याचा हा ठराव व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्ष देऊन वाचण्याजोगा आहे. सुट्टीच्या दिवसांत मुले दुकानात येऊन बसतात. माल उतरवताना विलंब झाला, मालमोटारीच्या चालकाने भाड्यावरून वाद घातला किंवा उधारीचा माणूस समोरून निघून गेला, की गादीवरून जे शब्द निघतात ते मुलांच्या कानांवर पडतातच. त्या ठिकाणी आवाज बंद करणारे बटण नसते. पडद्यावरील गुंडाची शिवी ही मुलाच्या दृष्टीने एका परक्या माणसाची असते. वडिलांच्या तोंडची मात्र अनुकरणीय ठरते. हमालाला ‘दादा’ म्हणून हाक मारणाऱ्या दुकानात वाढलेला मुलगा चित्रपटातील अपशब्द ऐकूनही तो परका मानतो. त्याच्या मनात तुलनेसाठी एक चांगली भाषा आधीच जमा झालेली असते.

यावरून व्यवहारात काय करता येईल, तेही पाहू. पहिले काम अर्ध्या तासाचे आहे. ओटीटीच्या प्रत्येक खात्यात मुलांसाठी स्वतंत्र कप्पा उघडावा, वयाची मर्यादा निवडावी आणि मोठ्यांच्या कप्प्याला चार अंकी कुलूप लावावे. यूट्यूबवर ‘प्रतिबंधित’ पद्धत चालू करावी. सेट-टॉप बॉक्समधील वाहिन्यांचे कुलूप वापरावे. हे कुलूप म्हणजे तिजोरीची किल्ली असे समजून ती मुलांच्या जन्मतारखेवरून ठेवू नये, कारण ती त्यांना तोंडपाठ असते. दुसरे काम आठवड्यातून एकदाचे. सर्वांनी मिळून पाहायचा चित्रपट घरातील एकाने आधी पाहून घ्यावा, नको त्या जागांच्या वेळा कागदावर टिपून ठेवाव्यात आणि हौस असेल तर घरातील विज्ञानाची आवड असलेल्या मुलाकडून ते मोठे बटण तयार करून घ्यावे. ज्या हातांनी गाळणी बनवली ते हात ती सहसा फाडत नाहीत.

तिसरे काम सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक. एखादा शब्द या सर्व बंदोबस्तातून निसटून कानावर पडलाच, तर रागावू नये आणि ऐकलेच नाही असेही दाखवू नये. चित्रपट क्षणभर थांबवून, हा शब्द कोणाचा अपमान करतो, तो लोक का वापरतात आणि आपल्या घरात तो का चालत नाही, हे मुलांना दोन वाक्यांत सांगावे. अवघडलेपणाने गप्प बसलेल्या घरात त्या शब्दाचे कुतूहल वाढते. मोकळेपणाने सांगणाऱ्या घरात त्याची किंमत उतरते. तेराव्या-चौदाव्या वर्षी हीच मुले शिक्षणासाठी सुरत, नाशिक किंवा पुण्याला जातील. वसतिगृहात त्यांच्यासोबत पेटी नसेल, बटण नसेल आणि आजीही नसतील. तेव्हा उपयोगी पडेल ती फक्त घरी सर्वांसोबत बसून शिकलेली पारख.

म्हणून या पर्युषणापूर्वी किंवा दिवाळीच्या सुट्टीत, जी वेळ सोयीची असेल ती निवडून, प्रत्येक कुटुंबाने आठवड्यातील एक संध्याकाळ निश्चित करावी. इअरफोन एका डब्यात ठेवावेत, आजी-आजोबांना मधली जागा द्यावी आणि निवडलेला चित्रपट सर्वांनी मिळून पाहावा. पहिल्या आठवड्यात मुले कुरकुर करतील आणि मोठ्यांचाही हात मोबाईलकडे जाईल. चौथ्या आठवड्यात, पुढचा चित्रपट कोणता, यावर जेवताना चर्चा सुरू झाली की गाळणी पुन्हा विणली जाऊ लागली असे खुशाल समजावे.